२२५ मिनिटांना एक गोल, १५ मिनिटांना एक गोल!

मंडळी, शिट्टी वाजली! आज मैदानात आहे टीम इंडियाचा फॉर्म आणि तो तपासायला बसलेत कोल्हापूरकर. पाटाकडील विरुद्ध दिलबहार या स्थानिक संघांची मॅच सुटली की पेठेतल्या कट्ट्यावर एकेक पास, एकेक थ्रो-इन, एकेक हुकलेला चान्स सोलून काढला जातो. त्याच नजरेनं एशियन कप पात्रता फेरीचं प्रगतिपुस्तक उघडूया. विषय हार्ड आहे, पण फॅक्ट्स झणझणीत!

पहिला प्रश्न, एकदम सोपा. २०२७ च्या एशियन कपच्या पात्रता फेरीत आपल्या पुरुष संघानं २०२५ मधल्या पहिल्या ५ सामन्यांत किती गोल मारले, माहीत आहे का?

दोन. फक्त दोन! पाच सामने म्हणजे ४५० मिनिटं. म्हणजे दर २२५ मिनिटांना एक गोल.

आता दुसरा प्रश्न. त्याच २०२५ मध्ये आपल्या महिला संघानं त्यांच्या एशियन कपच्या पात्रता फेरीत किती गोल मारले?

चोवीस! चार सामने, ३६० मिनिटं. दर १५ मिनिटांना एक गोल, नाद खुळा! देश एक, जर्सीचा रंग एक, वर्षही एक. फॉर्म म्हणजे काय हे समजून घ्यायला याहून चांगली जोडी मिळायची नाही. रँकिंगचे तक्ते, स्टुडिओतल्या चर्चा नंतर बघू. आधी विचारायचं एवढंच: जाळं किती वेळा हललं?

पाच मॅच, पाच किस्से

पुरुषांच्या गटात चार संघ होते: भारत, बांगलादेश, हाँगकाँग आणि सिंगापूर. तिकीट एकालाच, गटात पहिल्या येणाऱ्याला. दुसरा नंबर आला तरी घरीच.

२५ मार्च २०२५, शिलाँग. भारत ०, बांगलादेश ०. माहीत आहे का, त्या रात्री बांगलादेशकडून पदार्पण कोणी केलं? हमझा चौधरीनं. लेस्टर सिटीकडून प्रीमियर लीग खेळलेला मिडफिल्डर, इंग्लंडमध्ये वाढलेला, थेट शिलाँगच्या थंडीत! घरच्या मैदानावर गोलशून्य बरोबरी झाली आणि धोक्याची घंटा तिथेच वाजली.

१० जून, हाँगकाँग. सामना होता नव्याकोऱ्या काई टाक स्टेडियमवर. हे स्टेडियम कुठं बांधलंय, माहीत आहे का? हाँगकाँगच्या जुन्या विमानतळाच्या जागेवर! इमारतींच्या डोक्यावरून विमानं उतरायची ना, तोच तो काई टाक. पहिल्या हाफमध्ये आशिक कुरुनियनसमोर गोल उघडा होता, चेंडू बाहेर गेला. मग इंज्युरी टाइममध्ये, ९० अधिक चौथ्या मिनिटाला, पेनल्टी! ब्राझीलमध्ये जन्मलेल्या स्टेफान परेरानं ती ठोकली आणि भारताची फ्लाइट धावपट्टीवरच अडकली. ०-१.

९ ऑक्टोबर, सिंगापूर. कर्णधार संदेश झिंगनला ४७ व्या मिनिटाला दुसरं यलो, म्हणजेच रेड. दहा जण उरले, एक गोल अंगावर, वेळ संपत आलेली. आणि ९० व्या मिनिटाला रहीम अलीनं बरोबरी साधली! १-१. या पाच सामन्यांतला माझ्या मते सगळ्यात जिगरबाज क्षण हाच. दहा जणांनी पाऊण तास पळून मिळवलेला तो गुण होता. ज्यांनी पात्रता फेरीचे फक्त निकाल वाचले, त्यांना तो दिसलाच नाही.

पाचच दिवसांनी, १४ ऑक्टोबरला, परतीचा सामना. कुठं? आपल्या शेजारी, गोव्यात, मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर! १४ व्या मिनिटाला मुंबई सिटीच्या छांगतेनं लांबून सुरेख गोल मारला. स्टेडियम पेटलं. पण पुढं सोंग उई-यंगनं एक ४४ व्या आणि एक ५८ व्या मिनिटाला, असे दोन गोल घातले. १-२. चौथ्याच सामन्यात भारताचा एशियन कपचा दरवाजा बंद. गंमत बघा, हा सोंग जन्मानं दक्षिण कोरियाचा. नागरिकत्व सिंगापूरचं, गोल भारताच्या जाळ्यात!

१८ नोव्हेंबर, ढाका. बांगलादेश १, भारत ०. अकराव्या मिनिटाला शेख मोरसालिनचा गोल. आणि आपला बरोबरीचा गोल? तो जवळजवळ झालाच होता. छांगतेचा फटका रिकाम्या गोलकडे निघाला आणि हमझा चौधरीनं डोकं लावून तो लाइनवरून बाहेर काढला. बांगलादेशनं भारताला हरवलं ते तब्बल २२ वर्षांनी!

पाच सामन्यांची गोळाबेरीज: विजय ०, बरोबऱ्या २, पराभव ३. गोल केले २, खाल्ले ५.

थांबा थांबा, इथं एक मिनिट नीट बघा. खाल्लेले गोल फक्त पाच! म्हणजे सामन्याला सरासरी एक. बचाव कोसळलेला संघ असा दिसत नाही. तिन्ही पराभव एकेका गोलनं. घसरण झाली ती समोरच्या पेनल्टी बॉक्समध्ये. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसणारा कुणीही हे दहा मिनिटांत सांगेल: चेंडू मध्यापर्यंत छान येतो, पण पुढं फिनिशिंगला माणूस नाही.

हा दुष्काळ जुना आहे

२०२४ या अख्ख्या वर्षात भारतानं किती सामने जिंकले, माहीत आहे का? शून्य. अकरा सामने, सहा पराभव, पाच बरोबऱ्या. अकरा सामन्यांत गोल चार!

१६ नोव्हेंबर २०२३ ला कुवेतमध्ये मनवीर सिंगच्या गोलवर १-० असा विजय. त्यानंतरचा विजय थेट १९ मार्च २०२५ ला, शिलाँगमध्ये मालदीववर ३-०. मधले दिवस किती? ४८९!

आणि त्या ४८९ दिवसांच्या उपवासानंतर पहिला गोल कोणाचा, माहीत आहे का? मुंबईच्या राहुल भेकेचा! आपला मराठी गडी, खेळतो बचावात, पण कॉर्नर आला की पुढं जाऊन हेडर ठोकतो. २०१९ च्या आयएसएल फायनलमध्ये बेंगळुरूसाठी जादा वेळेतला विजयी गोलही याचाच. आघाडीवीरांचा दुष्काळ असताना डिफेंडर गोल काढून देतोय, याचं कौतुकही आहे आणि काळजीही.

मालदीवविरुद्धच्या त्या सामन्यात आणखी एक नाव स्कोअरशीटवर होतं: सुनील छेत्री. जून २०२४ मध्ये कोलकात्यात निरोप घेतलेला माणूस चाळिशीत परत बोलावला गेला आणि परत येताच गोल! त्याचे देशासाठी ९५ गोल. पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याच्या पुढं कोण? रोनाल्डो, मेस्सी आणि इराणचे अली दाई. बास! चौथ्या नंबरवर भारतीय. हा रेकॉर्ड जितका अभिमानाचा, तितकाच प्रश्न विचारणारा: पुढचा नऊ नंबर कुठाय?

रँकिंगचं गणित, टायब्रेकरसकट

फिफा रँकिंग कसं काढतात, माहीत आहे का? ऑगस्ट २०१८ पासून बुद्धिबळातल्या एलो पद्धतीवर! दोन संघांच्या गुणांतल्या फरकावरून आधीच ठरतं की कोणाकडून काय अपेक्षा आहे. अपेक्षेपेक्षा चांगलं खेळलात तर गुण वाढतात, कमी पडलात तर कापले जातात.

सामन्याचं वजनही वेगवेगळं. ठरलेल्या इंटरनॅशनल विंडोतल्या मैत्रीपूर्ण सामन्याचं वजन १०, पात्रता फेरीचं २५. दोन अगदी बरोबरीचे संघ भिडले तर जिंकणाऱ्याला मैत्रीपूर्ण सामन्यात ५ गुण मिळतात, पात्रता फेरीत थेट १२.५! म्हणून पात्रता फेरीतला पराभव रँकिंगला इतका जोरात लागतो. ढाक्याच्या पराभवानंतर भारत १३६ वरून १४२ वर गेला, त्यामागं हेच गणित. समोरचा बांगलादेश १८३ वा होता!

आता खास कोल्हापूरसाठी बोनस फॅक्ट. टायब्रेकरवर जिंकलं तर फिफा किती धरतं? पूर्ण विजय नाही, ०.७५! हरणाऱ्याला बरोबरीचे ०.५. सडनडेथपर्यंत श्वास रोखून बसणाऱ्या आपल्या शहराला हा पाऊण विजय फार कमी वाटेल. मलाही वाटतो.

८ सप्टेंबर २०२५ ला भारतानं असाच पाऊण विजय मिळवला. ताजिकिस्तानमधल्या काफा नेशन्स कपमध्ये तिसऱ्या क्रमांकासाठी ओमानशी १-१ आणि मग पेनल्टी शूटआउटमध्ये ३-२! शेवटची किक अडवली गुरप्रीत सिंग संधूनं. नवे कोच खालिद जमील यांची ही पहिलीच स्पर्धा. हे तेच खालिद जमील, ज्यांनी २०१६-१७ मध्ये मिझोरामच्या ऐझॉल एफसीला आय-लीग जिंकून दिली होती आणि त्याआधी मुंबईच्या मैदानांवर खेळाडू आणि कोच म्हणून वर्षं घालवली होती. सप्टेंबरमध्ये ब्राँझ आणि ऑक्टोबरमध्ये घरी. फॉर्म इतक्या पटकन पालटतो!

पण एक गोष्ट हिशेबात धरलीच पाहिजे. जुलै २०२५ मध्ये आयएसएलचा नवा हंगाम थांबवला गेला होता. फेडरेशन आणि लीग चालवणाऱ्या कंपनीतला करार संपत आलेला, पुढचं काही ठरलेलं नाही. म्हणजे सिंगापूरशी भिडताना आपल्या खेळाडूंच्या पायांत लीगचे सामनेच नव्हते! पेठेतल्या पोरालाही ठाऊक आहे, सराव कितीही करा, मॅच फिटनेस मॅच खेळूनच येतो.

कोल्हापूरएवढा देश वर्ल्डकपला!

आता धक्का बसेल, घट्ट बसा.

१३ ऑक्टोबर २०२५ ला, म्हणजे फातोर्ड्याच्या पराभवाच्या आदल्याच दिवशी, केप व्हर्डे हा बेटांचा देश २०२६ च्या वर्ल्डकपला पात्र ठरला. लोकसंख्या? साधारण सव्वापाच लाख. आणि २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या किती होती, माहीत आहे का? ५ लाख ४९ हजार! आपलं एक शहर म्हणजे त्यांचा अख्खा देश, आणि तो वर्ल्डकपला पात्र!

थांबा, याहून मोठा धक्का पुढं आहे. १८ नोव्हेंबरला आपण ढाक्यात हरलो. त्याच तारखेला जमैकातल्या किंग्स्टनमध्ये क्युरासाव नावाच्या कॅरिबियन बेटानं ०-० बरोबरी साधून वर्ल्डकपचं तिकीट खिशात घातलं. लोकसंख्या जेमतेम दीड लाखाच्या आसपास! वर्ल्डकपला पात्र ठरलेला आजवरचा सगळ्यात छोटा देश. याआधीचा मान आइसलँडचा होता, २०१८ चा. क्युरासावचं क्षेत्रफळ ४४४ चौरस किलोमीटर. एकट्या कोल्हापूर जिल्ह्यात असे सतरा क्युरासाव मावतील!

आणि ग्वाम आठवतं का? जून २०१५, वर्ल्डकप पात्रता फेरी, ग्वाम २, भारत १. त्या बेटाची लोकसंख्याही दीड-पावणेदोन लाखांच्या घरात. त्याच वर्षी मार्चमध्ये भारत रँकिंगमध्ये १७३ वर होता, आजवरचा तळ. पण हेही माहीत असू द्या: दोनच वर्षांनी, जुलै २०१७ मध्ये, तोच भारत ९६ वर होता! तळ गाठलेला संघ दोन वर्षांत ७७ पायऱ्या चढू शकतो, हे आपणच करून दाखवलंय.

“एवढ्या मोठ्या देशात अकरा जण मिळत नाहीत का?” हा प्रश्न दर पराभवानंतर ऐकू येतो. माझं म्हणणं, प्रश्नच चुकलाय. माणसं मोजून फुटबॉल होत नाही. किती पोरं दर आठवड्याला खरी, चुरशीची मॅच खेळतात, ते मोजा. आणि त्या मोजणीत कोल्हापूर लई वर आहे!

तालमीतून टचलाइनकडे

पाहुण्यांना हमखास चकित करणारी गोष्ट: कोल्हापुरातल्या कितीतरी फुटबॉल संघांच्या नावात ‘तालीम’ आहे. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम. बाहेरच्या माणसाला वाटतं कुस्तीचा आखाडा, आणि मैदानात येतात शूज घातलेले अकरा गडी! लाल मातीतली ईर्षा हिरव्या मैदानावर आली, ती तालमींच्या नावासकट. राजर्षी शाहूंनी कुस्तीला राजाश्रय दिला आणि फुटबॉललाही छत्रपती घराण्याचं पाठबळ मिळालं. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, आपली केएसए, १९४० पासूनची. देशात आयएसएलचा जन्म २०१४ चा. वयाचा फरक तुम्हीच काढा!

आणखी एक. परदेशी खेळाडू आणायची फॅशन फक्त मोठ्या लीगची वाटते ना? आपल्या तालमींनी आफ्रिकेतून खेळाडू आणून पेठेच्या जर्सीत उतरवलेत. त्यांना बघत स्थानिक पोरं खांदा भिडवायला शिकली. हाँगकाँगचा ब्राझीलियन आणि सिंगापूरचा कोरियन आपल्याला भारी पडला, तेव्हा कोल्हापूरला त्यात नवल वाटलं नसेल.

भारत मात्र असे खेळाडू सहज घेऊ शकत नाही. कारण माहीत आहे का? आपल्याकडं दुहेरी नागरिकत्व नाही आणि देशाकडून खेळायला भारतीय पासपोर्टच लागतो. म्हणून २०२५ मध्ये रायन विल्यम्सची बातमी गाजली. पर्थमध्ये जन्मलेला, पोर्ट्समथकडून खेळलेला, एकदा ऑस्ट्रेलियाची जर्सीही घातलेला हा विंगर. त्यानं ऑस्ट्रेलियन नागरिकत्व सोडून भारताचं घेतलं. त्याची आई मुंबईची, आणि आजोबा मुंबईच्या संघातून संतोष ट्रॉफी खेळलेले!

आता सांगा, कोल्हापूरच्या कुठल्या पोरानं फिफा वर्ल्डकपमध्ये भारताची जर्सी घातलीय? अनिकेत जाधव! २०१७ चा अंडर-१७ वर्ल्डकप, भारतात. पुण्याच्या बालेवाडीतल्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला हा आघाडीवीर २१ जणांच्या संघात होता. त्याच संघात अमेरिकेत वाढलेला नमित देशपांडेही होता. म्हणजे एक कोल्हापूरचा, एक अमेरिकेतला, आणि दोघंही मराठी. हैदराबाद एफसीनं २०२१-२२ ची आयएसएल जिंकली, तेव्हा अनिकेत त्याही संघात होता. २०२२ मध्ये सीनियर संघाचं बोलावणंही त्याला आलं.

त्या वर्ल्डकपचा एक सेमीफायनल, स्पेन विरुद्ध माली, झाला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. २०२२ च्या अंडर-१७ महिला वर्ल्डकपची फायनलही तिथंच, स्पेन १, कोलंबिया ०. आणि ज्यांच्या नावाचं हे स्टेडियम, ते डॉ. डी. वाय. पाटील मूळचे कुठले? कोल्हापूर जिल्ह्यातल्या अंबपचे! फिफाच्या फायनलला कोल्हापूरच्या माणसाचं नाव लागलंय.

हेलसिंकीचा तो उन्हाळा

जरा फ्लॅशबॅक. १९५० च्या वर्ल्डकपला भारत पात्र ठरला होता, एकही सामना न खेळता! गटातले बर्मा, इंडोनेशिया आणि फिलिपिन्स, तिघांनीही माघार घेतली. तिकीट हातात आलं आणि आपण ब्राझीलला गेलोच नाही.

दोन वर्षांनी, १९५२, हेलसिंकी ऑलिंपिक. युगोस्लाव्हिया १०, भारत १! आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले होते. त्या धक्क्यानंतर बूट सक्तीचे झाले. पण त्याच हेलसिंकीत, त्याच ऑलिंपिकमध्ये, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचा एक विद्यार्थी कुस्तीत ब्राँझ जिंकला: खाशाबा जाधव! त्यांना पाठवायला कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले होते.

आणि फुटबॉल? चारच वर्षांत पलटी! १९५६, मेलबर्न. भारत ४, यजमान ऑस्ट्रेलिया २. मुंबईच्या नेव्हिल डिसूझाची हॅटट्रिक, ऑलिंपिक फुटबॉलमध्ये आशियाई खेळाडूची पहिलीच. भारत स्पर्धेत चौथा. दहा गोल खाल्लेला देश चार वर्षांत सेमीफायनलला!

रॅपिड फायर

विजयाविना सगळ्यात लांब प्रवास? सॅन मरिनोचा. एप्रिल २००४ ते सप्टेंबर २०२४, सलग १४० सामने एकही विजय नाही. मग लिख्टेनश्टाइनवर १-०, आणि देशभर दिवाळी.

पात्रता फेरीतला सगळ्यात मोठा स्कोअर? ११ एप्रिल २००१, ऑस्ट्रेलिया ३१, अमेरिकन सामोआ ०. एकट्या आर्ची थॉम्पसनचे १३! दहा वर्षांनी त्याच अमेरिकन सामोआनं टोंगाला २-१ हरवून पात्रता फेरीतला आपला पहिला विजय मिळवला.

फॉर्म असूनही घात? इटली. ३७ सामने अपराजित राहण्याचा विक्रम, २०२१ चा युरो खिशात. आणि मार्च २०२२ मध्ये पालेर्मोत नॉर्थ मॅसेडोनियाकडून ०-१. वर्ल्डकप हुकला!

भारताच्या पात्रता फेरीतली सगळ्यात भारी बरोबरी? माझं मत, १० सप्टेंबर २०१९. दोहामध्ये, आशियाचा विजेता असलेल्या कतारशी ०-०. छेत्री आजारी, आर्मबँड गुरप्रीतच्या दंडावर, आणि त्यानं बचावांची रांग लावली!

चियांग माईच्या वाघिणी

आता या फीचरची खरी हेडलाइन. सावकाश वाचा.

जून-जुलै २०२५, थायलंडचं चियांग माई. भारताचा महिला संघ, पाच देशांचा गट, तिकीट एकच. पहिला सामना मंगोलियाशी: १३-०. प्यारी शाशाचे एकटीचे पाच गोल! मग तिमोर-लेस्तेवर ४-०. मग इराकवर ५-०. तीन सामने, २२ गोल, खाल्ले शून्य.

आणि यजमान थायलंड? त्यांचेही तीन सामने, २२ गोल, खाल्ले शून्य! डिट्टो! गुण सारखे, गोलफरक सारखा. शेवटचा सामना आमनेसामने. फायनल ठरवून झाली नाही, पण फायनलच होती.

थायलंड रँकिंगमध्ये ४६, भारत ७०. थायलंड २०१५ आणि २०१९ चे दोन वर्ल्डकप खेळलेला, भारत एकही नाही. मैदान त्यांचं, प्रेक्षक त्यांचे.

५ जुलै. २८ व्या मिनिटाला संगीता बासफोरनं लांबून मारला, १-०. हाफटाइमनंतर लगेच थायलंडची बरोबरी. ७४ व्या मिनिटाला पुन्हा संगीता, या वेळी हेडर! २-१. अंतिम शिट्टीला मुली मैदानावर आडव्या पडून रडत होत्या. पात्रता फेरी खेळून, जिंकून महिला एशियन कपला जाण्याची भारताची ही पहिलीच वेळ होती!

पहिलीच का, हे समजायला २०२२ मध्ये जावं लागतं. तेव्हा एशियन कप आपल्याच महाराष्ट्रात होता: नवी मुंबई, मुंबई आणि पुण्याचं बालेवाडी. यजमान म्हणून भारत थेट आत. इराणशी ०-० झालं आणि दुसऱ्या सामन्याआधी कोविडनं संघ असा पोखरला की मैदानात उतरवायला पुरेशा खेळाडूच उरल्या नाहीत. स्पर्धा तिथंच संपली. घरच्या अंगणात हातातून गेलेली गोष्ट त्यांनी परक्या मैदानावर लढून मिळवली.

आणि कोल्हापूर या गोष्टीत कुठंय? आहे ना! एफसी कोल्हापूर सिटी नावाचा संघ देशाच्या इंडियन विमेन्स लीगमध्ये खेळून आलाय. पुरुषांच्या आयएसएलमध्ये कोल्हापूरचं नाव अजून नाही, पण मुलींच्या राष्ट्रीय लीगच्या स्कोअरबोर्डवर ते कधीच झळकलंय. पेठांतल्या भावांनो, शाहू स्टेडियमवर मुलींची मॅच असेल तेव्हाही पायऱ्या भरू द्या. हलगी तीच, आवाज तोच. २०२५ मध्ये देशातला सगळ्यात तापलेला फॉर्म त्यांच्याकडंच होता!

हिशेब अजून बाकी आहे

२०२५ हे साल भारतीय फुटबॉलसाठी वाईट गेलं, असं कुणी म्हणालं तर त्याला ही यादी ऐकवा. सीनियर महिला: पात्र. अंडर-२० मुली: ऑगस्टमध्ये म्यानमारला त्यांच्याच देशात १-० हरवून आशियाई स्पर्धेला पात्र. अंडर-१७ मुली: ऑक्टोबरमध्ये उझबेकिस्तानवर २-१, पात्र.

आणि अंडर-१७ मुलगे? ढाक्यातल्या पराभवानंतर अवघ्या बाराव्या दिवशी, ३० नोव्हेंबरला, अहमदाबादमध्ये त्यांच्यासमोर होता इराण. बरोबरी चालणार नव्हती, जिंकणं भागच होतं. १९ व्या मिनिटाला गोल इराणनं केला. हाफटाइमच्या तोंडावर डल्लालमुऑन गांगटेनं पेनल्टीवर बरोबरी साधली. ५२ व्या मिनिटाला गुनलेइबानं दुसरा घातला, आणि मग उरलेली जवळपास चाळीस मिनिटं पोरांनी गड लढवला. भारत २, इराण १, पात्र. कोच होते गोव्याचे बिबियानो फर्नांडिस.